दारावरचा सेन्सर पुस्तकांची देवघेव आपोआप नोंदवू शकेल का?

दाखलनोंद (प्रश्न)

नमस्कार. आमच्या ग्रंथालयात सुमारे सात हजार पुस्तके आहेत आणि देवघेवीची नोंद बारकोड वाचून होते. प्रत्येक पुस्तकाला आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी स्पर्शाविना वाचता येणारी छोटी चिप असलेली चिकटपट्टी) लावायचा आणि दारावर अँटेना बसवायची; म्हणजे वाचक पुस्तक घेऊन बाहेर पडताच ते त्याच्या खात्यावर चढेल आणि परत घेऊन आत येताच उतरेल, अशी आमच्या समितीची कल्पना आहे. संगणकात 'उपलब्ध' दिसणारे पुस्तक मांडणीवर सापडत नाही, ही आमची मुख्य अडचण आहे. ही कल्पना व्यवहार्य आहे का, आणि टॅग निवडताना काय पाहावे?

जुना ग्रंथपाल

टॅग जरूर लावा, पण नोंद करण्याचे काम दाराकडे सोपवू नका. दारातून दोन वाचक एकाच वेळी बाहेर पडले, तर कोणते पुस्तक कोणाचे हे अँटेनाला ठरवता येत नाही. घरी नेलेले पुस्तक टिपणे काढण्यासाठी पुन्हा आत आणणारा वाचक ते परत करत नसतो, पण दार मात्र तसेच समजेल. सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. बारकोड वाचला गेला नाही तर समोर बसलेल्या माणसाला ते तत्काळ कळते. दारावर टॅग वाचला गेला नाही तर ते कोणालाच कळत नाही, आणि पुस्तक नोंदीविना निघून जाते. टॅगमध्ये बॅटरी नसते, त्याला लागणारी ऊर्जा अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळते. त्यामुळे टॅग त्या क्षेत्राच्या संदर्भात कोणत्या कोनात आहे यावर त्याचे वाचले जाणे अवलंबून असते, आणि धातूचे अस्तर असलेल्या पिशवीतले पुस्तक तर अजिबात दिसत नाही.

रुळलेली पद्धत अशी आहे की वाचक आपले कार्ड आणि पुस्तकांचा गठ्ठा एका टेबलावरील रीडरपाशी, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्रापाशी, ठेवतो, पडद्यावर पुस्तकांची नावे व संख्या दिसते, आणि त्याने होकार दिल्यावरच नोंद होते. त्याच क्षणी टॅगमधील सुरक्षा-खूण बदलली जाते. दारावरची अँटेना केवळ ती खूण पाहते आणि ती बदललेली नसेल तर घंटा वाजवते.

लहरी

टॅगच्या निवडीविषयी लिहितो. ग्रंथालयांत दोन प्रकार आढळतात. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारे एचएफ (उच्च वारंवारतेचे) टॅग जवळून, म्हणजे टेबलावर काही सेंटिमीटरवरून आणि दारावर साधारण एक मीटरच्या आत वाचले जातात. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील यूएचएफ (अति-उच्च वारंवारतेचे) टॅग काही मीटरवरून वाचता येतात. लांबून वाचता येणे हा गुण ऐकायला चांगला वाटतो, परंतु देवघेवीच्या टेबलावर तोच अवगुण ठरतो, कारण शेजारच्या ढकलगाडीतील पुस्तकेही रीडरला दिसू लागतात. शिवाय यूएचएफ लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि मानवी शरीर बहुतांशी पाणीच असल्याने छातीशी धरलेले पुस्तक लपू शकते. धातूचा त्रास दोन्ही प्रकारांना होतो. लोखंडी मांडणीच्या कडेला चिकटून उभे असलेले पुस्तक मांडणीवरील पुस्तके मोजून पाहताना, म्हणजे पडताळणीत, सुटू शकते.

म्हणून टॅग एचएफ प्रकारचे, आयएसओ १५६९३ या मानकाचे असावेत आणि त्यांतील माहितीची रचना ग्रंथालयांसाठी असलेल्या आयएसओ २८५६० प्रमाणे असावी, एवढे मागणीपत्रात स्पष्ट लिहा. नाहीतर पुढे रीडर बदलायचा झाल्यास एकाच विक्रेत्याच्या दारी जावे लागते. टॅगवर दाखल क्रमांकापलीकडे फारसे काही लिहू नये. वाचकाचे नाव तर मुळीच नको. ते संगणकातील नोंदीतच राहू द्यावे.

मांडणीवाला

मला मूळ निदानाविषयीच शंका आहे. उपलब्ध दिसणारे पुस्तक सापडत नाही याचे कारण बहुधा देवघेवीत नसून मांडणीत असते: कोणीतरी ते पाहून भलत्याच खणात ठेवलेले असते. दारावरचा कोणताही सेन्सर ही चूक पकडू शकत नाही. हातात धरायचा रीडर मांडणीसमोरून फिरवला तर मात्र पुस्तके बाहेर न काढता पडताळणी होते आणि चुकीच्या जागी असलेले पुस्तक लगेच सापडते. माझ्या मते आरएफआयडीचा खरा लाभ हाच आहे. पडताळणी वारंवार करण्याची तयारी नसेल, तर सात हजार पुस्तकांना बारकोड पुरेसा आहे.

दाखलनोंद

आपणा सर्वांचे आभार. दाराचा विचार सोडून दिला आहे. पण ग्रंथालय बंद असताना पुस्तक आत टाकता येईल अशी परतपेटी हवी आहे. ती तरी स्वतः नोंद करू शकेल का?

जुना ग्रंथपाल

करू शकेल, कारण तेथे पुस्तक परत आले की नाही एवढाच प्रश्न असतो. कोणी आणले याने फरक पडत नाही. मात्र पेटीचा रीडर आतल्या बाजूपुरताच वाचेल असे धातूचे आवरण त्याला हवे. आमच्याकडे सुरुवातीला ते नव्हते, आणि पेटीला टेकून उभ्या असलेल्या वाचकाच्या पिशवीतील पुस्तक 'परत' म्हणून नोंदले गेले. त्या वाचकाने आठवड्याने ते प्रत्यक्ष आणून दिले, तेव्हा कुठे आम्हाला चूक उमगली. तेव्हापासून रोज सकाळी पेटीतील पुस्तके हाताने पुन्हा एकदा वाचून रात्रीच्या यादीशी ताडून पाहतो.

आणखी एक. पातळ पुस्तकांत टॅग एकाच जागी लावू नका. ते गठ्ठ्यात एकावर एक आले की परस्परांच्या लहरी बिघडवतात आणि पाचांपैकी चारच वाचले जातात. एकात वर, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात खाली, असे बांधणीच्या बाजूस लावत जा.

दाखलनोंद

पातळ पुस्तकांचे लक्षातच आले नव्हते. आमच्याकडील बालविभाग जवळजवळ संपूर्ण तसाच आहे. प्रथम तेवढ्याच विभागाला टॅग लावून एक पडताळणी करून पाहतो आणि सुटलेल्या पुस्तकांची संख्या येथे कळवतो.