स्पायनल इंज्युरी : लघवी-संडासाबद्दल घरात बोलायचं कसं?

कोयनाकाठ
दादा, वय ३४. मज्जारज्जूला टी-१० (छातीच्या भागातला दहावा मणका) पातळीवर कंप्लीट, म्हणजे पूर्ण, इजा. कंबरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही, हात ठणठणीत. पंधरा दिवसांत डिस्चार्ज आहे. आत्ता लघवीची कायमची नळी आहे, ती काढून ठरावीक वेळांना नळी घालायची पद्धत शिकवणार आहेत. घरी आईबाबा, वहिनी आणि सहा वर्षांची पुतणी.
अडचण अशी की दादासमोर कुणीच बोलत नाही. आई म्हणते "मी करीन सगळं", बाबा म्हणतात "होईल बरा", वहिनी गप्प. दादानं पाणी पिणं कमी केलंय, असं नर्स सांगत होत्या. काय बोलायचं, कुणासमोर, आधी काय?

चाकावरून
"कोण करणार" हा प्रश्नच चुकलाय. टी-१० आणि हात चांगले, म्हणजे नळी त्याची तोच घालू शकतो. आईनं हे काम अंगावर घेतलं की दोन महिन्यांत ते तिचंच होऊन बसतं आणि तो तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, बाकीच्यांशी नंतर.
"तुला कसं वाटतंय" विचारू नका, "बरंय" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : नळी बसून घालायला जमेल की पडून? खोलीत कुणी असलेलं चालेल का? कुणी मुळीच नको? अंथरूण ओलं झालं तर हाक कुणाला मारशील? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं, तुम्ही सुचवू नका.
पाण्याचंही कारण सरळ सांगा. पिशवी भरलेली दिसू नये, कुणाला त्रास नको, म्हणून लोक पाणी तोडतात. लघवी घट्ट होते, मग इन्फेक्शन, पुढे मूतखडा. नळीची पद्धत सुरू झाली की दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर, थोडं थोडं विभागून, रात्री जेवणानंतर कमी. नळी दर ४ ते ६ तासांनी. म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. एका वेळी ५०० मिलिच्या वर निघत असेल तर अंतर कमी करायचं. पहिले दोन आठवडे मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. आकडे समोर असले की वाद "तू पाणी पीत नाहीस" यावर न जाता "दुपारचं माप जास्त येतंय" यावर येतो. त्याला ते ऐकवतं.

वॉर्ड_सिस्टर
वरचं बरोबर, पण आईला बाजूला सारू नका. दादाला ताप आला, हाताला लागलं, तर नळी घालता येणारं दुसरं माणूस घरात हवंच. डिस्चार्जआधी दोघांना शिकवा आणि दोघांकडून आमच्यासमोर करून घ्या. बघणं आणि करणं यात फार फरक पडतो.
संडासाबद्दल तर कुणी शब्दच काढत नाही, म्हणून मी काढते. या पातळीवर सहसा आतड्याचा रिफ्लेक्स (चेतवलं की आतडं आपोआप रिकामं होणं) शाबूत राहतो. तो वापरायचा : रोज किंवा एक दिवसाआड, एकच वेळ, नाश्त्यानंतर २० ते ३० मिनिटांनी. हातमोजा, भरपूर जेली, बोट गुदद्वारात घालून हलकेच गोल फिरवायचं, १५-२० सेकंद, मग थांबायचं. ५-१० मिनिटांनी पुन्हा, आतडं रिकामं होईपर्यंत. जेली कमी पडली की आतून खरचटतं आणि रक्त येतं. घाईत सोडलं तर दुपारी कपडे खराब होतात, आणि मग लोक जेवणच कमी करतात, म्हणजे पाण्याचीच गोष्ट पुन्हा. हे काम बसून झालेलं बरं, म्हणून गादी लावलेली कमोड खुर्ची घ्या. कडक प्लास्टिकच्या भोकावर अर्धा तास बसलं की कातडी जाते.
संडासाच्या दाराची रुंदी आजच मोजा. २४ इंची दारातून बहुतेक व्हीलचेअर जात नाहीत.
रोज रात्री ढुंगण आणि टाचा आरशात बघायच्या. हेही लाजेपोटी टळतं. बोटानं दाबल्यावर फिका न पडणारा लाल डाग दिसला तर त्या जागेवर भार नाही, डाग जाईपर्यंत. खुर्चीत दर अर्ध्या तासाला पुढे वाकून दोन मिनिटं भार काढायचा. पाच सेकंद उचलल्यानं काही फायदा होत नाही. आणि गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, भाजलेलं त्याला कळणार नाही.

कोयनाकाठ
धन्यवाद, वही आणली. वहिनीशी काय बोलू? आणि छोटीला काय सांगायचं?

रिहॅब_ओपीडी
वहिनीशी तुम्ही बोलू नका. ते दादा-वहिनीचं, डॉक्टरांसमोर, दार लावून. तुम्ही फक्त वेळ मिळवून द्या आणि आईला तेवढा वेळ चहाला न्या. त्यांनी विचारायचे प्रश्न ठरलेले : लिंगाला ताठरता येईल का, मूल हवं असेल तर काय, संबंधाच्या वेळी नळीचं काय करायचं. या पातळीवर स्पर्शानं येणारी ताठरता बऱ्याचदा राहते, मनात आल्यानं येणारी बहुतेकदा जाते. संबंधाआधी नळी घालून लघवी काढून घ्यायची. सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) स्वतःच्या मनानं नको; छातीदुखीच्या नायट्रेट गोळ्यांसोबत तर जिवावर बेतेल. वीर्य आपोआप येत नसलं तरी ते मिळवायच्या पद्धती आहेत, म्हणजे "आता मूल नाही" हे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. संडासाचं काम वहिनीवर टाकायचं की नाही, हेही त्या दोघांनीच ठरवायचं. काही जोडप्यांना चालतं, काहींना मुळीच नाही, आणि "नाही" म्हणणारी बायको वाईट नसते.
छोटीला खरं सांगा, लहान वाक्यांत : बाबाचे पाय हलत नाहीत, लघवीला नळी लागते, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. दार बंद असलं की टकटक करायची.

चाकावरून
बाबांच्या "होईल बरा" वर घरात वाद घालू नका. डॉक्टरांना दादा आणि बाबा दोघांसमोर विचारा : तपासणीत इजा कंप्लीट आहे का, ती तपासणी पुन्हा कधी, पाय परत येण्याची शक्यता किती. उत्तर एकदाच, सगळ्यांनी एकत्र ऐकलेलं बरं.
दादा सरकारी नोकरीत असेल तर राजीनाम्यावर सही करू देऊ नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद तयार करून ठेवावं लागतं. खाजगी असेल तर कळवा, ते वेगळं प्रकरण आहे.

वॉर्ड_सिस्टर
एक राहिलं. लघवी गढूळ दिसली पण ताप, थंडी, पायांचे वाढलेले झटके यातलं काही नसेल, तर लगेच अँटिबायोटिक मागू नका. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा असतातच. ताप आला की मात्र त्याच दिवशी दाखवा.