'तारणारा', 'अवतार' आणि 'देही'

प्रश्न : इंदूरला रामबागेत आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती मावशी राहतात. नाताळात त्यांनी करंज्या पाठवल्या, ताटलीत चिठ्ठी होती : 'तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे.' बाबांची नोकरी बँकेतली, त्यांना 'तारण' म्हटलं की सोनं आठवतं. मी म्हटलं, "म्हणजे अवतारच ना?" मावशी म्हणाल्या, "अवतार नको म्हणूस बाळा, देहधारी म्हण." इथे हिंदीत 'उद्धारकर्ता' ऐकतो. मग 'अवतार' का नको?

उत्तर १ : चिठ्ठीतले शब्द बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातले (२:११). 'तारणारा' आला 'तॄ' धातूवरून, म्हणजे पार नेणारा; 'देव तारी त्याला कोण मारी' मधला 'तारी' तोच. बाबांचं तारणही कर्ज बुडू नये म्हणूनच ठेवतात. आणि 'अवतार'सुद्धा 'तॄ'चाच! अव + तॄ, खाली उतरणं. धातू एक, पण श्रद्धा वेगळी. अवतार दहा होतात, कार्य झालं की अवतारसमाप्ती होते. ख्रिस्ती श्रद्धेत देव एकदाच माणूस झाला आणि ते माणूसपण पुनरुत्थानानंतरही त्याने टाकलं नाही. इ.स. ४५१ मध्ये खाल्कदोनला भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवलं : व्यक्ती एक, स्वभाव दोन (देवपण आणि माणूसपण), त्यांची सरमिसळ नाही की फारकत नाही. त्यामुळे 'अर्धा देव, अर्धा माणूस' हे साफ चूक. विहिरीपाशी दमून बसलेला, मित्राच्या मृत्यूने रडलेला येशू पूर्ण माणूस आहे आणि तोच पूर्ण देव.

उत्तर २ : मला 'देही' शब्द अडतो. योहानाच्या शुभवर्तमानात (१:१४) 'शब्द देही झाला' असं आहे; 'शब्द' म्हणजे इथे ख्रिस्त. पण गीतेतला देही (२:२२) म्हणजे आत्मा, जुनी वस्त्रं टाकावीत तशी शरीरं टाकणारा. गीता कानात असलेला वाचक इथे नेमकं उलटं समजेल. मूळ ग्रीक शब्द 'सार्क्स', म्हणजे मांस. हाडामांसाचा झाला, असं म्हटलं असतं तर बरं. मावशींचा 'देहधारी'ही मला थोडा कपडे घातल्यासारखाच वाटतो.

त्याच ओळीतलं 'आमच्यामध्ये वस्ती केली' मात्र फार सुंदर उतरलंय. ग्रीक क्रियापदात तंबू ठोकणं आहे. आपली 'वस्ती' म्हणजे नुसती लोकवस्ती नाही. मुक्कामाला राहणं, वस्तीची एसटी, तीही वस्तीच.

प्रश्नकर्ता : मावशींना हे वाचून दाखवलं. 'देहधारी'वर त्या गप्प राहिल्या. 'वस्ती'वर मात्र म्हणाल्या, "आमची आई सांगायची, देव आपल्याकडे वस्तीला आला."