टेकडीवर सापडलेलं हाड कुणाचं?

प्रश्न: आज सकाळी वेताळ टेकडीवर आमच्या चिंगी कुत्रीनं झुडपातून हाड ओढून आणलं. वीतभर, सरळ, पुढून मधोमध बारीक खाच, एका टोकाला कप्पीसारखे दोन उंचवटे. बिबट्याचं तर नाही ना? सासूबाई म्हणतात, आधी अंघोळ करा!

उत्तर १: दोन कप्प्या म्हणजे दोन खुरांचं जनावर. गाय, बैल नाहीतर म्हैस. घोड्याला एकच असते. ही पायाची खालची नळी. दोन हाडं जुळून एक झालेली, खाच त्याचीच खूण. शेळीची फार बारीक असते.

उत्तर २: बिबट्याच्या पंजाची हाडं सुटी असतात. चघळू देऊ नका, वाळलेलं हाड तडकून घशात अडकतं.

प्रश्नकर्ती: काढून घेतलं, पण एक कप्पी गायब! डॉक्टरकडे निघालोय. अंघोळ नंतर.