‘चान्स किती?’ हे विचारून ऑप्शन फॉर्म भरू नका

कृष्णाकाठ

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की शाळेच्या जुन्या ग्रुपवर, सोसायटीच्या जिन्यात, अगदी भाजी घेतानासुद्धा एकच प्रश्न कानावर पडतो. “98.6 पर्सेंटाइल आहेत हो, पुण्याच्या सीओईपीला चान्स आहे का?” मग कोणी मोबाईलवर चान्स सांगणारा प्रेडिक्टर उघडतं, कोणी गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे तिथे शेवटचा प्रवेश कितीवर झाला ते, सांगतं आणि पोराचा चेहरा उतरतो.

माझं स्पष्ट मत आहे की या अंदाजापायी मुलांचं नुकसान होतं. जे हवंय ते मागायच्या आधीच आपण ऑप्शन फॉर्मवरच्या, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या, यादीतून खोडून टाकतो.

आमच्या घरी हे घडलं म्हणून लिहितेय. 2024 ला माझ्या मुलीची सीईटी झाली. आम्हाला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून एका समुपदेशकाला सहा हजार रुपये दिले. त्यांनी 2023 च्या कटऑफची छापील यादी टेबलावर पसरली, एका ओळीखाली पट्टी धरली आणि म्हणाले, “हे मिळणार नाही, इथे पर्याय वाया घालवू नका.” पुण्यातल्या एका सरकारी कॉलेजच्या दोन शाखा त्यांनी लाल पेनाने खोडल्या. मुलीला त्यातलीच एक हवी होती. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. पहिल्या क्रमांकावर आलं एक खासगी कॉलेज. जागावाटपाच्या पहिल्याच राउंडमध्ये ते लागलं आणि पहिला पर्याय असल्यामुळे जागा आपोआप फ्रीज, म्हणजे कायम, झाली. पुढच्या राउंडचे दरवाजे बंद.

दुसऱ्या राउंडची यादी आली तेव्हा मी रात्री एकटीच बघत बसले होते. त्या खोडलेल्या शाखेत मुलींच्या जागेवर शेवटी जिला प्रवेश मिळाला, तिचा मेरिट नंबर माझ्या मुलीच्या 212 नंबर मागे होता.

जागावाटप मेरिट क्रमाने होतं. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतला वरून पहिला जो पर्याय शिल्लक असेल तो मिळतो. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. मग मनात आहे तो क्रम लावा आणि चान्स विचारणं सोडा.

मांजरा

ताई, वाचून वाईट वाटलं. पण मला पटलं नाही. तुमच्या मुलीचं नुकसान अंदाजाने नाही, चुकीच्या अंदाजाने झालं. कटऑफच्या यादीत खुल्या गटाचे जी-ओपन (सर्वसाधारण जागा) आणि एल-ओपन (मुलींच्या जागा) असे वेगळे रकाने असतात. मुलींना 30 टक्के जागा राखीव असतात, त्यांचा रकाना एलचा. त्या गृहस्थांनी जीचाच रकाना वाचला असणार. माणसाने थर्मामीटर उलटा धरला म्हणून ताप मोजणं बंद करायचं का?

मी लातूर जिल्ह्यात शाळामास्तर आहे. दोन्ही मुलांचे फॉर्म मीच भरले. आमच्यासारख्यांना अंदाज न करून चालतच नाही. मे महिन्यात निकालही लागलेला नसतो, तेव्हा एका खासगी विद्यापीठातून रोज फोन. “पन्नास हजार भरून जागा पक्की करा, नंतर पश्चात्ताप कराल.” हे पैसे परत मिळत नाहीत, असं पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. शेजारच्यांनी घाबरून भरले. पुढे त्यांच्या मुलीला सरकारी कॉलेज मिळालं आणि पन्नास हजार गेले ते गेलेच. मी भरले नाहीत, कारण आदल्या तीन वर्षांच्या याद्या काढून बसलो होतो आणि नांदेडची एसजीजीएस ही इंजिनिअरिंग संस्था मुलाच्या आवाक्यात दिसत होती. मिळालीही. मनातला क्रम लावा म्हणणं ठीक, पण यादी कुठे थांबवायची आणि पैसे कुठे अडकवायचे नाहीत, हे अंदाजाशिवाय कसं ठरवणार?

दशांश

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून जातेय. लोक एका वर्षाचं पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत) दुसऱ्या वर्षाच्या पर्सेंटाइलशी ताडून बघतात, तिथेच चूक होते.

2024 ला पीसीएमच्या (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) परीक्षेला तीन लाखांच्या आसपास मुलं बसली. 2025 ला तो आकडा चार लाखांच्या वर गेला. आता 98.5 पर्सेंटाइल घ्या. तीन लाखांत त्या मुलाच्या पुढे साधारण साडेचार हजार मुलं असतात, चार लाखांत सहा हजार. पर्सेंटाइल तेच, नंबर दीड हजारांनी मागे. सरकारी कॉलेजांच्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. मग गेल्या वर्षी 98.5 ला लागलं म्हणजे यंदाही लागेल, या म्हणण्याला काय आधार?

कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळ्यांची नजर कंसाकडे जाते. वरचा आकडा बघा. निकालाआधी यूट्यूबवर जे “140 मार्काला किती पर्सेंटाइल” चालतं त्यावर तर मुळीच विसंबू नका, कारण पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत निघतं. तुमच्या सत्राचा पेपर सोपा होता की अवघड, हे त्या व्हिडिओवाल्याला माहीत नसतं.

संगणक शाखेचं म्हणाल तर सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला खुल्या गटात 99.9 च्या पुढचा खेळ आहे, तिथे वर्षागणिक फार हलत नाही. अंदाज फसतो तो मेटलर्जी, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल अशा शाखांत. तिथे एका वर्षात शेकडो नंबर वरखाली होतात. शिवाय जोसाचे, म्हणजे आयआयटी-एनआयटी प्रवेशाचे, राउंड कधी संपतात यावरही ठरतं. आयआयटी-एनआयटीत जाणारी मुलं तोवर इथे जागा धरून बसतात, ती गेली की शेवटच्या राउंडला यादी खाली सरकते.

कृष्णाकाठ

मांजरा सर, रकान्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मला ते नंतर कळलं. पण योग्य रकाना वाचला असता तरी 2023 वरून 2024 कसं सांगणार होते? एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) 10 टक्क्यांचा रकाना 2024 ला नव्याने आला. 2023 च्या यादीत तो नव्हताच. आधी ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल गटातून) येणारी कितीतरी मुलं त्या वर्षी तिकडे गेली. 2025 ला तीनच्या जागी चार राउंड झाले. फ्रीजचे नियमही बदलले, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पर्यायांपैकी काही मिळालं तर जागा बांधली जाते, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी. नियमच दरवर्षी हलत असतील तर जुन्या यादीवर पट्टी ठेवून मुलीला “तुला मिळणार नाही” असं ठामपणे सांगायचा अधिकार कोणाला?

माझा राग त्या ठामपणावर आहे. पैसे कुठे अडकवायचे नाहीत हे ठरवायला अंदाज करा, मी मान्य करते. पण त्या अंदाजाने वरचे पर्याय खोडू नका.

मांजरा

वरचे खोडू नयेत, हे मलाही मान्य. पण खाली काय ठेवायचं? ओळखीच्या एका मुलाने मनाचा क्रम म्हणून सातच पर्याय भरले, सातही वरचे. शेवटच्या राउंडपर्यंत काहीच लागलं नाही आणि ऑगस्टमध्ये वडील कॉलेजांच्या पायऱ्या झिजवत होते. तुमची मुलगी कुठेतरी लागली तरी. त्याचं दुःख छोटं नाही हो ताई.

सेतूवाला

तालुक्याच्या गावात सेतू केंद्र चालवतो, फॉर्मही भरून देतो. चान्स मोजायला रात्र रात्र बसतात आणि कागद काढायचे राहतात. आरक्षित गटातून मोजलेला चान्स जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू नॉन क्रीमी लेअर हातात असेल तरच खरा. मुदतीत ते नाही आलं तर मूल खुल्या गटात मोजलं जातं आणि सगळा हिशोब मोडतो. आधी कागद, मग कटऑफ.

वाईची_बारावी

मी स्वतः यंदा फॉर्म भरतेय, म्हणून विचारते. घर वाई, पण अकरावी-बारावी लातूरला केली. खुला गट. कोल्हापूर विद्यापीठाच्या भागातल्या दोन-तीन कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीच्या रकान्यात माझा नंबर आरामात बसतोय, म्हणून त्यांच्या खाली मी फक्त एकच पर्याय ठेवलाय. बाबा म्हणतात पुरे. आणि सीओईपी मेटलर्जी बाबांनी काढायला सांगितलीय, मिळणार नाही म्हणून.

मांजरा

बाळ, थांब. होम युनिव्हर्सिटी घरावरून ठरत नाही, बारावी कुठून दिली त्यावरून ठरते. तू लातूरहून दिलीस, म्हणजे तुझी होम युनिव्हर्सिटी नांदेडची. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत 70 टक्के जागा त्या भागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. कोल्हापूरच्या भागात तू बाहेरची. तुझा रकाना शेवटी ‘ओ’ असलेला, ‘एच’ नव्हे. सीओईपी आणि व्हीजेटीआयला राज्य पातळीचा ‘एस’ रकाना बघायचा, तिथे लातूर की वाई याने काही फरक पडत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी एलचा बघ.

कोल्हापूरकडच्या पर्यायांखाली नांदेड भागातले किमान आठ-दहा टाक.

कृष्णाकाठ

आणि मेटलर्जी पहिली ठेव. बाबांना हा धागा वाचायला दे.

वाईची_बारावी

मी एच बघत होते. बाबांना आत्ता दाखवलं, ते यादी परत काढायला बसलेत. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शुल्कमाफीच्या जागांचे, पर्याय वेगळे भरायचे का?

दशांश

हो, वेगळेच. त्यांचा चॉइस कोड शेवटी टी असलेला असतो. नुसतं कॉलेज निवडून ते आपोआप येत नाहीत. जागा शाखेमागे 5 टक्केच आणि शिकवणी शुल्क माफ म्हणून कटऑफ बहुतेक ठिकाणी साध्या जागेपेक्षा वरचा. म्हणून ज्या शाखेचा टी कोड टाकशील, तिचा साधा कोड लगेच त्याच्या खाली टाक.

मांजरा

फॉर्म लॉक करायच्या आधी यादी इथे टाक, नाव आणि अर्ज क्रमांक काढून. मी रात्री साडेनऊनंतर बघतो.