कन्सोल आधी की गेम आधी? आपापले अनुभव लिहूया

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, "पोरांसाठी व्हिडिओ गेमचा कन्सोल घ्यायचाय. कुठला घेऊ?" मी तिला प्रोसेसर, फोर-के, एसएसडी असं बरंच काही ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, एक सहा वर्षांचा आहे, एक अकराची. दोघांना एकत्र खेळता आलं पाहिजे. आणि संध्याकाळी टीव्ही सासूबाईंकडे असतो." हे ऐकलं आणि माझा सल्लाच बदलला. कोण खेळणार, कुठे बसून खेळणार, रोज किती वेळ मिळणार, हे आधी ठरवावं आणि मग कन्सोलचं नाव काढावं, असं मला आता वाटतं.

तुमचं कसं झालं ते वाचायचंय. कुठला कन्सोल घेतलात, त्यावर पहिला गेम कुठला निवडलात, आज पुन्हा घ्यायचा झाला तर काय वेगळं कराल? अमुक कंपनी भारी की तमुक, हा वाद नको. घरात काय घडलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे निन्टेन्डो स्विच आला तो माझ्या भाच्यामुळे. २०१७ साली आलेल्या या कन्सोलला दोन्ही बाजूंनी छोटे जॉय-कॉन लागतात. ते काढून आडवे धरले की दोन वेगळे कंट्रोलर होतात, म्हणजे खोक्यातून काढल्या काढल्या दोघांना खेळता येतं. गेम घेतला 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'. माझ्या आईने तोवर कंट्रोलर हातातसुद्धा धरला नव्हता. या गेममध्ये स्मार्ट स्टिअरिंग नावाची सोय आहे. ती चालू असली की गाडी रस्ता सोडून खाली पडत नाही. आई बाराव्या नंबरवर यायची, पण शर्यत पूर्ण करायची. तीन आठवड्यांनी ती स्वतःहून म्हणाली, "ते आधाराचं काढ आता. मला आडवाटेने जायचंय, आणि ते जाऊ देत नाही." खरंच आहे ते, काही आडवाटा त्या सोयीमुळे बंद होतात. आईला ते आमच्याआधी कळलं.

एक सूचना: स्विच लाइट हे मॉडेल टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटेही होत नाहीत. एकट्याने खेळणाऱ्याला ते छान, पण घर मिळून खेळणार असेल तर घेऊ नका.

* * *

माझी चूक लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. माझ्याकडे आधीच्या कन्सोलच्या वीसेक डिस्क होत्या. नवा घेताना कमी दाम बघून डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल उचललं. जुने गेम नव्यावर चालतात एवढं वाचलं होतं, पण डिस्क घालायची कुठे याचा विचारच केला नाही. वीसही डिस्क कपाटात गेल्या. त्यातले चार गेम मी पुन्हा डिजिटल विकत घेतले, आणि त्या चारांत फरकाचे पैसे संपले.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या डिस्क मोजायला लावतो. प्लेस्टेशन ५ ड्राइव्हसह घेतला तर प्लेस्टेशन ४च्या जवळजवळ सगळ्या डिस्क चालतात, पण प्लेस्टेशन ३च्या नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या मूळ मॉडेलमध्ये ड्राइव्ह आहे आणि निवडक गेम अगदी पहिल्या एक्सबॉक्सपर्यंतचे चालतात. सिरीज एसमध्ये ड्राइव्ह नाही. प्लेस्टेशन ५चं २०२३ साली आलेलं सडपातळ मॉडेल डिजिटल घेतलं तरी ड्राइव्ह मागाहून जोडता येते. ती पहिल्यांदा जोडताना मात्र इंटरनेट लागतं.

डिस्कचा मोठा फायदा म्हणजे ती मित्राला देता येते, आणि गेम संपल्यावर विकता येते. आम्ही तिघा मित्रांनी वर्षभर डिस्क फिरवल्या, प्रत्येकाने दोन घेतल्या आणि सहा खेळल्या. परदेशातून आणलेल्या डिस्कच्या बाबतीत मात्र सांभाळा. माझी तशी डिस्क चालली, पण तिचे जादा भाग इथल्या खात्यातून घेतले ते तिला जुळले नाहीत.

* * *

आम्ही नवराबायको. तो लहानपणापासून खेळणारा, मी कधीच नाही. लग्नानंतर त्याला फार वाटायचं की मीही खेळावं. त्याने हौसेने त्याचा सगळ्यात आवडता गेम लावून दिला, मोकळं जग, डोंगर, घोडा. मी दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी होते. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

काय अडत होतं ते पुष्कळ दिवसांनी समजलं. अशा गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने बघायचं असतं. खेळणाऱ्यांना ते श्वास घेण्याइतकं सवयीचं झालेलं असतं, म्हणून ते शिकवायचंच राहून जातं. नवं माणूस चालतं, थांबतं, मान वळवतं, मग पुन्हा चालतं. तोवर मागून कुणीतरी येऊन मारून गेलेलं असतं. गेम सोपा आहे की अवघड याच्याशी त्याचा संबंध नाही. अंगठ्यांना ती भाषाच आलेली नसते.

मग आम्ही उलटीकडून गेलो. आधी असे गेम घेतले जिथे कॅमेरा, म्हणजे आपण कुठून बघतो ती बाजू, आपला आपण हलतो किंवा हलतच नाही. 'ओव्हरकुक्ड'मध्ये अख्खं स्वयंपाकघर वरून दिसतं, अंगठ्याने हलवायची एकच काठी आणि दोन-तीन बटणं. ओरडाआरडा झाला, पण बटणं कुठे आहेत ते बघायला खाली मान घालायची माझी सवय तिथे सुटली. मग बाजूने दिसणारे, डावीकडून उजवीकडे पळायचे दोन गेम. आणि मग 'इट टेक्स टू'. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघंच लागतात, आणि पडदा दोघांत वाटलेला असतो. त्यात कॅमेरा बऱ्याच ठिकाणी स्वतः फिरवावा लागतो. पडलं तर लगेच परत उभं राहता येतं आणि जोडीदार तोवर किल्ला लढवतो, त्यामुळे मी घाबरले नाही. संपवायला आम्हाला दोन महिने लागले. शेवटच्या भागात नवरा तीनदा पडला आणि मी एकदाही नाही.

त्या गेममध्ये फ्रेंड्स पास आहे. एकाने विकत घेतला की दुसऱ्या गावातल्या मित्राला वेगळा न घेता ऑनलाइन सोबत खेळता येतं.

खेळणाऱ्यांना विनंती: जोडीदाराला पहिल्याच दिवशी तुमचा आवडता गेम देऊ नका. आणि त्यांच्या हातातून कंट्रोलर काढून घेऊन "थांब, मी करून देतो" असं तर कधीच म्हणू नका.

* * *

छोटासा अनुभव. नव्या कन्सोलवर उडी नेहमी उशिरा पडायची. कंट्रोलर बिघडलाय असं वाटून परत करायला निघालो होतो. दोष निघाला टीव्हीच्या सेटिंगचा. चित्र गुळगुळीत करायची प्रक्रिया टीव्ही आपली आपण करत होता आणि त्यात वेळ जात होता. गेम मोड चालू केला, संपलं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, असतील तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले की आपण सहा फ्रेम मागे. कन्सोल बदलायच्या आधी टीव्हीचं सेटिंग बघा.

* * *

वर जोडीदाराबद्दल लिहिलेलं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या मुलाचा उजवा हात जन्मापासून अशक्त आहे. ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरच्या मागचं बोटाने ओढायचं बटण, दाबून धरणं त्याला जमत नाही. वर्गातली मुलं गेमबद्दल बोलायची तेव्हा तो गप्प बसायचा.

आम्ही एक्सबॉक्स घेतला त्याचं कारण को-पायलट ही सोय (आता तिला कंट्रोलर असिस्ट म्हणतात). दोन कंट्रोलर एकच म्हणून काम करतात. त्याच्या हातात एक, ताईच्या हातात दुसरा, आणि पडद्यावर माणूस एकच. गाडी तो वळवायचा, वेग ती सांभाळायची. पुढे २०१८चा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर घेतला. त्याला दोन मोठी बटणं आहेत आणि मागे जोडण्यांची रांग, तिथे आपल्या सोयीची बटणं किंवा पायाने दाबायचे स्विच लावता येतात. आमच्याकडे ट्रिगर पायाखाली आहे. प्लेस्टेशन ५साठीही २०२३च्या डिसेंबरात अ‍ॅक्सेस नावाचा असा कंट्रोलर आलाय.

आम्ही गेम घेण्याआधी त्याची सेटिंग बघतो. बटणं बदलता येतात का? 'दाबून धरा'ऐवजी 'एकदा दाबा' करता येतं का? 'सेलेस्ट' हा डोंगर चढायचा अवघड गेम आहे, पण त्यात असिस्ट मोड आहे, गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. मुलगा म्हणाला, "बाबा, डोंगर तोच आहे, मी हळू चढतोय एवढंच." तो शिखरावर पोहोचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी त्याला झोप म्हणालो नाही.

* * *

लेकीच्या वाढदिवसाला कन्सोल दिला. सकाळी खोकं उघडलं, आणि ती संध्याकाळी खेळायला बसली. आधी कन्सोलचं अपडेट, मग खातं, मग गेमचं अपडेट. ती टक्केवारीकडे बघत बसलेली, तिच्या मैत्रिणी निघून गेल्या. अजून वाईट वाटतं. भेट द्यायची असेल तर आदल्या रात्री खोकं उघडा, सगळं डाउनलोड करून पुन्हा बांधून ठेवा.

मुलांचं खातं काढताना जन्मतारीख खरी घाला, वयाचं बंधन त्यावरच चालतं. खरेदीला पासवर्ड लावा. आणि वयाचे आकडे नीट समजून घ्या. युरोपातल्या पेगी या वर्गीकरणाचे टप्पे आहेत ३, ७, १२, १६, १८. अमेरिकेतल्या ईएसआरबीची अक्षरं असतात. गेममध्ये काय दाखवलंय याचं ते वर्गीकरण आहे. तो खेळायला किती अवघड आहे हे त्यात येत नाही. मी '३' बघून एक गेम आणला होता, तो मलाच पार होईना. लेक रुसली, तिला वाटलं आपल्यालाच येत नाही. आता आधी कुणीतरी खेळतानाचा अर्धा तासाचा व्हिडिओ तिच्या शेजारी बसून बघते. ती पुढे सरकून बसली तर घ्यायचा, उठून गेली तर नाही.

* * *

साठवणुकीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. प्लेस्टेशन ५चं पहिलं मॉडेल ८२५ जीबीचं, त्यात गेमसाठी ६६७च्या आसपास उरतात. मोठे गेम शंभरच्या घरात जातात, तेव्हा हिशेब करा. प्लेस्टेशन ५मध्ये एम.२ एसएसडी, म्हणजे जादा साठवणुकीची छोटी पट्टी, आपण स्वतः बसवू शकतो. स्विच २ला मात्र मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, घरातलं जुनं कार्ड गेम साठवायला चालत नाही. त्याच्या काही गेमच्या कॅसेटमध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते, आणि गेम डाउनलोड करावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं.

* * *

मी निवृत्त शिक्षिका. भाच्याने नवा कन्सोल घेतला आणि त्याचा जुना प्लेस्टेशन ४ माझ्याकडे ठेवून गेला. "मावशी, बघ वेळ जातो का." त्याने लावून दिलेल्या गेममध्ये आपण पात्राच्या डोळ्यांतून बघतो. पंधरा मिनिटांत मला मळमळायला लागलं आणि दुपारभर पडून राहिले. मला वाटलं, हे आपल्या वयाला नाही.

तो पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने सेटिंगमधली चित्राची थरथर आणि धूसरपणा बंद केला, दिसण्याची कक्षा रुंद केली. पुष्कळ फरक पडला. तरी मी तसले गेम सोडूनच दिले. आता मी वरून दिसणारे निवडते.

सध्या 'स्टारड्यू व्हॅली' चालू आहे. शेत, विहीर, कोंबड्या, गावातली माणसं. त्यातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो, आणि झोपायला गेलं की तिथवरचं जतन होतं. मला हे फार सोयीचं पडतं, कारण यांची औषधाची वेळ असते, दारावर कुणी येतं. एक दिवस खेळायचा आणि उठायचं. जुन्या कन्सोलचाही मला एक फायदाच झाला. त्यावरचे चांगले गेम कुठले हे लोकांनी वर्षानुवर्षं खेळून ठरवलेलं आहे, आणि ते स्वस्तातही मिळतात.

माझ्या शेतात सध्या दुसऱ्या वर्षाचा हिवाळा आहे. या गेममध्ये हिवाळ्यात बाहेर पीक फारसं येत नाही, म्हणून मी खाणीत उतरते आहे. काल ८० व्या मजल्यापर्यंत गेले. भाच्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "मावशी, मी तर चाळिसाव्यावरच सोडला होता."