कंटेम्पररी डान्स शिकायचाय. जळगाव, बजेट ६,०००. कुठे, कसं?

मेहरूणवाली :
नमस्कार मंडळी. कथकची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीये, आता कंटेम्पररी शिकायचंय. तीन महिने, सगळं मिळून ६,००० रुपये. वर एक रुपया नाही, आधीच सांगते. घरात टाइल्स आहेत. रिअ‍ॅलिटी शोमध्ये उचलतात, लोळतात, रडतात, तेच कंटेम्पररी का? नेमकं शिकायचं काय असतं? मॅट घेऊ की नीपॅड? इथल्या एका क्लासच्या बोर्डवर ‘बॉलिवूड, झुंबा, कंटेम्पररी’ लिहिलंय, तिथे जावं का?

भुसावळ_जंक्शन :
बोर्डवाल्यांच्या नादी लागू नको भो. आमच्या भाच्याने असाच एक क्लास लावला, अख्खं सत्र एकाच गाण्यावर गॅदरिंगचा डान्स बसवला. सरळ मुंबई गाठ. रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर. शनिवार-रविवार वर्कशॉप कर, राहणं-खाणं धरून महिन्याला दहा-बारा हजारांत आरामात होतं.

मेहरूणवाली :
दादा, ६,००० म्हटलंय. तेही तीन महिन्यांचे.

धुळ्याची_कथकवाली :
टीव्हीवर दिसतं ते त्यातलं चकचकीत टोक. मुळात हा एकच एक नाच नाही, बऱ्याच पद्धतींची मोट आहे. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं काँट्रॅक्शन-रिलीज घे, म्हणजे अंग आवळणं आणि सोडणं. श्वास सोडताना ओटीपोट आत ओढायचं, माकडहाडापासून पाठीची कमान मागे जाते; श्वास घेताना परत उघडायचं. सगळे नुसते खांदे पाडतात आणि म्हणतात झालं. खांदे शेवटी हलतात, सुरुवात खालून. डोरिस हम्फ्रीची पद्धत वेगळी : तोल जाऊ द्यायचा, पडता पडता तोच वेग वापरून उठायचं. मर्स कनिंगहॅमने तर नाच आणि संगीत वेगवेगळं बनवलं, नर्तकांना बऱ्याचदा संगीत थेट प्रयोगातच ऐकायला मिळायचं. तालाच्या अंगाने जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हेच सगळ्यात जड जातं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची सवय सुटता सुटत नाही.

तुझी अडचण पाठीची असणार. कथकने पाठ ताठ ठेवायला शिकवलंय, इथे ती वाकवायची, पिळायची, सैल सोडायची. तत्कारामुळे, म्हणजे कथकच्या पदन्यासामुळे, पाय जमिनीला घट्ट असतात, ते मात्र कामी येईल. मॅट घेऊ नकोस.

गुडघा_चाळीसगाव :
नीपॅड घे, नीपॅड घे, नीपॅड घे. मी टाइल्सवर फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर लोळत-सरकत करायच्या हालचाली, करायला गेलो, गुडघ्यावर उतरलो, आजही जिना उतरताना कुरकुर वाजतं. खेळाच्या दुकानात व्हॉलीबॉलचे मिळतात, ते चालतात. आणि पडताना गुडघा, कोपर, मनगट आधी टेकवायचंच नाही. पोटरीची बाजू, मांडी, मग कुल्ला, मग पाठ, असं मांसल भागावरून सरकत जायचं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर!

भुसावळ_जंक्शन :
मॅट घे, सहा एमएमची. आमच्याकडे आहे, एक नंबर.

गुडघा_चाळीसगाव :
अहो वरती ताई नको म्हणाल्या ना! योगा मॅटवर तळवा चिकटतो. अंग फिरतं, पाऊल जागेवरच, सगळा पीळ गुडघ्यात. मॅट झोपून करायच्या व्यायामाला ठीक.

अमळनेरकर_काका :
ही सगळी परदेशी नावं कशाला? उदय शंकर यांनी १९४८ साली ‘कल्पना’ हा नृत्यावरचा सिनेमा काढला तेव्हा तुमची ही कंटेम्पररी कुठे होती? आणि कंटेम्पररीचे नर्तक अस्ताद देबू मूळचे नवसारीचे. म्हणजे आपल्या तापी लाईनने सुरतजवळचं उधना, तिथून हाकेवर. जवळजवळ आपलेच.

धुळ्याची_कथकवाली :
काका, देबूंचं बालपण जमशेदपूरला गेलं. कथक आणि कथकलीबरोबर लंडनला जाऊन ग्रॅहम तंत्रही शिकले होते. आपलेपणा सांगायचाच तर नर्तकी चंद्रलेखा घ्या, जन्म महाराष्ट्रातल्या वाडा गावचा. भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू एकत्र घेऊन १९८५ साली ‘अंगिका’ केलं. परदेशी नाव एकही नाही त्यात.

अमळनेरकर_काका :
मीही तेच म्हणत होतो.

सातपुडा_पायवाट :
सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीला या एकदा. रात्रभर नाचतात, ना मॅट ना नीपॅड ना फी. मग कळेल अंग सोडणं म्हणजे काय.

धुळ्याची_कथकवाली :
तो त्यांचा सण आहे हो, तुमचा फुकट क्लास नाही. बघायला जरूर जावं. हं, मेहरूणवाली, एक राहिलं : काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशन एकटीने शिकू नकोस. स्टीव्ह पॅक्स्टनने १९७२च्या सुमाराला सुरू केलं ते, दोघांच्या अंगाचा स्पर्श आणि वजन सांभाळत पुढची हालचाल शोधायची. उचलणं दिसतं मनगटाच्या जोरावर, पण वजन घ्यायचं असतं आपल्या कमरेवर. समोरचा जाणकार नसेल तर नको म्हणजे नको. बाकी पुण्याला महिन्यातून एकदा जा आणि मधल्या काळात घरी सराव कर. बोर्डवाला नकोच.

गुडघा_चाळीसगाव :
बोर्डवाला नकोच. नीपॅड मात्र घे.

भुसावळ_जंक्शन :
मीच पहिल्यांदा म्हटलं होतं, बोर्डवाला नको.

मेहरूणवाली :
काल बोर्डवाल्यांकडे जाऊन आले. सगळे रागावणार, माहितीये. सरांना ग्रॅहम कोण ते ठाऊक नाही, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. पण हॉलला लाकडी फ्लोअर आहे आणि खाली पोकळी ठेवलीये, उडी मारली की दणका पायात येत नाही. दुपारी एक ते तीन हॉल रिकामा असतो. क्लास लावत नाहीये, नुसता हॉल घेतलाय, महिना १,२०० रुपये. तीन महिन्यांचे ३,६००. नीपॅडचे पैसे बाजूला ठेवलेत, उरलेल्यात पुण्याची एक वर्कशॉप बसली तर बसवते. सोबत कथकची मैत्रीण येतेय, तीही यातली जाणकार नाही, म्हणून उचलाउचली बंद. आधी नुसतं पडायला शिकणार.

अमळनेरकर_काका :
बेटा, एप्रिलात जळगावात दुपारी एकला? पत्र्याचा हॉल आहे का स्लॅबचा?

मेहरूणवाली :
पत्र्याचा. कूलर आहे म्हणाले.

भुसावळ_जंक्शन :
कूलरचं पाणी लाकडावर उडालं की घसरलीच म्हणून समज. म्हणून म्हणतो, मॅट घे. आमची देऊन टाकतो, अर्ध्या किमतीत, भुसावळला येऊन ने.