स्पॅनिश आणि जर्मन एकाच वेळी: जर्मन सोडू का? शनिवारपर्यंत सांगायचंय (मदत हवी आहे)

कोरांटी
नमस्कार. जरा लवकर उत्तर द्या, शनिवारी दुपारपर्यंतच वेळ आहे. स्पॅनिश चालू आहे, त्यात यंदा जर्मनही घेतली आणि आता दोन्हींची खिचडी होऊन राहिली आहे. जर्मनच्या तासाला तोंडातून स्पॅनिशच येते. काल सरांनी महिने वाचायला सांगितले. जूनला जर्मनमध्ये 'यूनी' म्हणतात. मी वाचलं 'खूनी'. सगळा वर्ग हसला, सरही हसले. पुढचे महिने माझ्याच्याने वाचवले नाहीत. जर्मन सोडायची असेल तर अर्ज शनिवारपर्यंत द्यावा लागतो. सोडू का? मेहनत कर असं कृपया सांगू नका, रात्री बारापर्यंत तेच करून राहिले आहे.

बर्डीकर
स्पॅनिश कितव्या वर्षाची? पदवीला विषय आहे की डिप्लोमा? आणि जर्मन काहून घेतली? एवढं तरी सांग ना बाप्पा, मग बोलता येईल.

पेठेतला
सोडा जर्मन. मी 1994 साली पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकलो. दोन वर्षं दुसऱ्या भाषेकडे ढुंकून पाहिलं नाही, म्हणून आजही ऑफिसात आलेलं जर्मन पत्र शब्दकोश न उघडता वाचतो. एका वेळी एकच भाषा. आणि प्रत्येक नाम 'देर-दी-दास'सकट, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या शब्दासकट पाठ करायचं, त्याला दुसरा मार्ग नाही.

तर्रीपोहे
अजिबात सोडू नको! जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी नाही. माझ्या मामेभावाने तिथेच एमएस केलं. तू आत्तापासून पासपोर्ट काढून ठेव, कागदपत्रं जमवायला फार वेळ जातो. बी1 (भाषेची मधली पातळी) झाली की अर्धवेळ कामही मिळतं.

नदीकाठ
फी नाही असं सरसकट सांगू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात (श्टुटगार्ट, हायडेलबर्ग त्यातच येतात) 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो भरावे लागतात. लोक ऐकीव माहितीवर घर गहाण ठेवतात, म्हणून लिहिलं.

संत्रीबाग
पण तिने जर्मनीला जायचं विचारलंच कुठे?

कोरांटी
जर्मनीला जायचं नाही मला. बीकॉम झालंय. विद्यापीठात स्पॅनिशचा डिप्लोमा, दुसरं वर्ष. जर्मन सर्टिफिकेट, अगदी सुरुवातीची. पुढे अनुवादाचं काम करायचं आहे. आता सांगा, सोडू का?

बर्डीकर
स्पॅनिश कुठवर आली ते सांग ना. 'सेर' आणि 'एस्तार', दोन्हींचा अर्थ 'असणे', ते अडतात का अजून?

कोरांटी
नाही. ते पक्कं आहे. सध्या भूतकाळाचे दोन प्रकार चालू आहेत, त्यात चुका होतात, पण बोलते मी. मागच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात चांगले गुण होते.

पेठेतला
म्हणजे ए2 ला, बी1च्या खालच्या पातळीला आहे. बी1 होईपर्यंत दुसरी भाषा नको, माझं तेच म्हणणं होतं.

संत्रीबाग
तुम्ही एकच भाषा शिकलात, मग दोन एकत्र शिकल्यावर काय होतं ते कसं सांगून राहिले? मी फ्रेंच आणि जपानी सोबत केल्या, काही बिघडलं नाही.

पेठेतला
फ्रेंच आणि जपानीची लिपीच वेगळी. इथे दोन्हींची लिपी रोमन. तिचा घोटाळा वाचण्यात आहे, हे तिनेच लिहिलंय की.

शाळामास्तरीण
पेठेतला यांचं हे शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून भाषा सोडायची गरज नाही. मी बावीस वर्षं शाळेत भाषा शिकवल्या, त्यातली बारा वर्षं जर्मन. कोरांटी, तीन गोष्टी सांग बेटा. दोन्ही तास कोणत्या दिवशी, मध्ये वेळ किती, आणि वह्या वेगळ्या आहेत का?

कोरांटी
सोम, बुध, शुक्र. स्पॅनिश 8 ते 9.30, लगेच 9.40 ला जर्मन. वही एकच आहे काकू. पुढून स्पॅनिश, मागून जर्मन. आता मधल्या पानांवर दोन्ही एकमेकींना भिडल्या आहेत. वहीचा इथे काय संबंध?

शाळामास्तरीण
आहे संबंध. दीड तास तुझं तोंड स्पॅनिशमध्ये तापलेलं असतं आणि दहा मिनिटांत त्याच अक्षरांना तू वेगळा आवाज मागतेस. 'जे' हे अक्षर बघ. स्पॅनिशमध्ये तो घशातला ख, म्हणून जून म्हणजे खुनिओ. जर्मनमध्ये तो सरळ य. तू चुकीचं वाचलं नाहीस, बरोबर स्पॅनिश वाचलंस. 'व्ही'चंही तसंच. स्पॅनिशमध्ये गाय बाका, जर्मनमध्ये वडील फाटर. 'झेड' स्पॅनिशमध्ये स किंवा थ, जर्मनमध्ये त्स. हा त्स तर आपल्या घरचाच आहे, 'चाक'मधला च म्हणून बघ. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो शिकवावा लागतो, तुला फक्त ओळखायचा आहे.

एका कागदावर ही चार-पाच अक्षरंच लिही. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे जर्मन, प्रत्येकासमोर देवनागरीत उच्चार आणि एकेक शब्द. जर्मनच्या तासाआधी तो कागद मोठ्याने वाच. मनात नाही, मोठ्याने. वह्या दोन कर, वेगळ्या रंगांच्या.

मुक्काम_महाल
जर्मन आपल्याला सोपीच जाणार, कारण ती संस्कृतमधून निघाली. म्हणून तर तिकडे मॅक्स म्युलर झाले आणि आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन आहे.

नदीकाठ
जर्मन संस्कृतमधून निघालेली नाही. दोघी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. बहिणी म्हणा, मायलेकी नाहीत. मॅक्स म्युलर ऋग्वेदाचे अभ्यासक होते म्हणून जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटने भारतातल्या केंद्रांना त्यांचं नाव दिलं, त्यातून भाषेची वंशावळ सिद्ध होत नाही.

मुक्काम_महाल
मग आठ विभक्ती आणि तीन लिंगं आली कुठून?

नदीकाठ
जर्मनमध्ये विभक्ती चार. आणि लिंगं तीन आहेत ती त्याच जुन्या कुळातून, जशी मराठीतही टिकली.

तर्रीपोहे
स्पॅनिशमधूनच आपल्याकडे पगार आला ना? तिथे पागार म्हणजे पैसे देणं. चावी, साबणही तिकडचेच.

शाळामास्तरीण
ते पोर्तुगीजमधून आले, गोवा-वसईच्या वाटेने. स्पॅनिश ही पोर्तुगीजची जवळची नातलग, म्हणून कोरांटीला तिथे ओळखीचे शब्द सापडतील. साबणाला खाबोन, किल्लीला यावे.

बर्डीकर
धागा भरकटून राहिला. कोरांटी, अजून एक विचारायचं राहिलं. सोडायचा विचार फक्त वर्ग हसला म्हणून की अजून काही आहे?

कोरांटी
अजून आहे. कार्यालयात गेले तर एका खिडकीवर म्हणाले, दोन अभ्यासक्रम सोबत चालतच नाहीत, स्पॅनिशही अडकेल. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, चालतात. लेखी कोणी काही देत नाही. घरचे म्हणतात, कशाला धोका घेते.

नदीकाठ
युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्येच एका वेळी दोन अभ्यासक्रमांना वाट मोकळी केली आहे. प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर दोन्हींच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. तुझ्या येत नाहीत. पण ते नियम आपापल्या विद्यापीठाने लागू करायचे असतात, म्हणून तुमच्याकडे काय ठरलंय ते लेखी विचार. अर्ज दे, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. तोंडी उत्तरावर काही ठरवू नकोस.

संत्रीबाग
हे आधी सांगितलं असतं तर वीस प्रतिसाद वाचले असते!

कोरांटी
मला वाटलं हे सगळीकडेच असतं, म्हणून लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर जर्मन मला आवडते, म्हणूनच विचारून राहिले. पहिल्या आठवड्यात आकडे शिकवले. 53 ला ते आधी तीन म्हणतात आणि मग पन्नास. द्रायउंडफ्युन्फत्सिश. बाजूची मुलगी इंग्रजी माध्यमाची, ती सारखी 35 लिहायची. मला एकदाही अडलं नाही. आमच्या घरी आजी सगळे हिशेब तोंडी करायची, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, आधी तीनच ऐकू येतो ना. दास किंट म्हणजे ते मूल, हेही तसंच. आपणही मुलाला 'ते'च म्हणतो. असं काही सापडलं की तो तास संपूच नये वाटतो. मग 'यूनी'सारखं काही होतं आणि वाटतं, आपल्याला नाही जमणार.

पेठेतला
हे वाचून माझं मत बदललं. ज्याला आकड्यात आजी सापडते त्याने जर्मन सोडू नये. पण लिंगं पाठ करच. 'ते मूल' जुळलं म्हणून सगळं जुळणार नाही. त्यांच्याकडे सूर्य स्त्रीलिंगी, दी झोने, आणि चंद्र पुल्लिंगी, देर मोंट. स्पॅनिशमध्ये बरोबर उलटं, एल सोल आणि ला लुना. हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेव.

शाळामास्तरीण
आणि 'एस' हा छोटा शब्द सांभाळ. स्पॅनिशमध्ये तो 'आहे', जर्मनमध्ये 'ते'. माझ्याकडे स्पॅनिश करून आलेली मुलं जर्मन वाक्यात तिथेच क्रियापद गाळायची, कारण त्यांच्या कानाला 'आहे' म्हणून झालेलं असायचं. संध्याकाळची बॅच आहे का तुमच्याकडे? मध्ये सहा-सात तास गेले तरी पुष्कळ फरक पडतो.

कोरांटी
संध्याकाळी 5.30 ची आहे, मंगळ, गुरू, शनि. पण मी मानेवाड्याला राहते, पुन्हा एवढ्या लांब यायचं.

बर्डीकर
दिवसच वेगळे आहेत तर एका दिवशी दोन फेऱ्या कुठे होऊन राहिल्या? मेट्रोने ये. जाता-येता काकूंचा कागद वाच.

तर्रीपोहे
डब्यात मोठ्याने कसं वाचणार?

बर्डीकर
स्टेशनपर्यंत चालताना वाचेल.

कोरांटी
आज शुक्रवार. सकाळी वही फाडून दोन केल्या, मधली भिडलेली सहा पानं पुन्हा उतरवून काढली. कागद केला. काकू, मी 'झेड'समोर चाक लिहिलं आणि 'जे'समोर यूनी. तासाला आज वार होते, त्यात 'जे' नव्हताच, पण 'मिटवोख'चा 'डब्ल्यू' नीट आला.

कार्यालयात अर्ज दिला. बॅच बदलाचा एक, आणि दोन्ही अभ्यासक्रम सोबत चालतात का ते लेखी कळवा म्हणून दुसरा. जर्मन सोडण्याचा दिला नाही.

नदीकाठ
शिक्का घेतला का?

कोरांटी
एकावर घेतला. दुसऱ्यावर साहेब जेवायला गेले होते. उद्या दहा वाजता पुन्हा जाते.

मुक्काम_महाल
माझ्या मुलीला आठवीत जर्मन की फ्रेंच, काय द्यावं? कोणी सांगेल का?